खत, तार, मेसेज : घरच्या बोलीचे लिहिणे

मराठी मुसलमानांच्या भाषेचा विषय निघाला की चर्चा ठरलेल्या वाटेने जाते. जनगणनेच्या कागदावर मातृभाषा कोणती लिहायची, मुलांना कोणत्या माध्यमाच्या शाळेत घालायचे, व्यासपीठावरून कोणत्या भाषेत बोलायचे. एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला प्रमाण मराठी. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हापासून आम्ही मराठीची बाजू ठामपणे मांडत आलो आहोत, आणि ती मांडायलाच हवी होती. पण या वादात तिसरी एक भाषा कायम दाराबाहेर उभी राहिली. ती म्हणजे आमच्या घरात खरोखर बोलली जाणारी. मराठवाड्यात आणि सोलापूर-सांगलीकडे दखनी, रत्नागिरी-रायगडच्या खाड्यांकाठी कोकणी मुसलमानांची बोली. अम्मी रागावते ती या बोलीत, दादीमा दुआ देते ती याच बोलीत. मात्र कागद-पेन समोर आले की आम्ही ही बोली बाजूला ठेवतो आणि ईदचे कपडे काढावेत तशी शिकलेली भाषा बाहेर काढतो.

मग सामान्य माणसाने ही घरची बोली सर्वांत जास्त लिहिली तरी कधी? आमचे उत्तर ऐकून काही जाणकार हसतील, पण आम्ही ते विचारपूर्वक देत आहोत. साधारण २००० ते २०१५ या पंधरा वर्षांत, मोबाइल फोनच्या बटणांवर, मेसेजमधून. या लिखाणाची कोणी दखल घेतली नाही, ते कोणी जपलेही नाही. त्याचा इतिहास निदान ढोबळ रेषांनी तरी मांडून ठेवावा म्हणून हा लेखनप्रपंच.

दखनी कधीच लिहिली गेली नव्हती असे कोणी समजू नये. एके काळी ती दरबाराची भाषा होती. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने संगीतावरचा 'किताब-ए-नौरस' दखनीत रचला. गोवळकोंड्याला मुल्ला वजहीने १६३५ साली 'सबरस' हा गद्यग्रंथ लिहिला. याच आदिलशाहीची फर्माने फारसी आणि मराठी अशा दोन भाषांत एकाच कागदावर निघत. वर फारसी, खाली मोडीतले मराठी. दोन लिप्या एका कागदावर नांदतात याचे तेव्हा कोणाला नवल वाटत नव्हते. पुढे मोगलांनी दक्षिणेची राज्ये घेतली. औरंगाबादचा वली दिल्लीत गाजला खरा, पण त्यानंतर उर्दूचे नाक दिल्ली-लखनौकडे वळले आणि 'नक्को', 'कायकू', 'हौ' म्हणणारी दखनी गावंढळ ठरली. तिच्यातला 'नक्को' हा मराठीतल्या 'नको'चा सख्खा भाऊ. 'मैंच', 'वोच' यांच्या शेवटी लागणारा 'च' तर सरळ मराठीचा. दोन्ही घरांशी नाते असलेल्या या भाषेला दोन्ही घरांनी माजघरात बसवले. विनोदी मुशायऱ्यात टाळ्या घेण्यापुरती तिला अधूनमधून बाहेर आणले जाई, इतकेच.

खतांमध्येही तिला जागा नव्हती. आमच्या आजोबांच्या पिढीची खते ज्यांनी पाहिली आहेत त्यांना तो साचा पाठ असेल. वर मध्यभागी ७८६. मग सलाम. मग यहाँ सब खैरियत है और आप की खैरियत खुदा से नेक मतलूब है. ज्या घरात मराठी शाळा पोहोचली होती तिथे 'साष्टांग नमस्कार' गाळून बाकीचा 'पत्रास कारण की' तसाच घेतला जाई. भाषा उर्दू असो की मराठी, ती खताची भाषा होती, बोलण्याची नव्हती. लिहिणारा बहुधा दुसराच असे; मौलवीसाहेब, शाळेत जाणारा भाचा, मुंबईच्या खोलीतला एखादा शिकलेला गाववाला. वाचणाराही दुसराच. मुलगा आईला लिहितो आहे, पण मधे दोन परकी माणसे बसली आहेत, अशा खतात 'अम्मी, मेरेकू तेरी बहोत याद आतीय' कोण लिहिणार? त्यातल्या त्यात मोकळेपणा मनीऑर्डरच्या फॉर्मवर असे. पैसे पाठवणाऱ्याने निरोप लिहावा म्हणून त्यावर चार ओळींची जागा सोडलेली असे. जागाच इतकी कमी की 'नेक मतलूब'चा थाट परवडत नसे. थोडक्यात काय ते सांगून मोकळे व्हावे लागे. आजच्या मेसेजचा पूर्वज शोधायचा तर आम्ही या कागदाच्या तुकड्याकडे बोट दाखवू.

तारेचा अनुभव आणखी वेगळा. तार म्हटली की दारात रडारड सुरू व्हायची, मग आत मजकूर काहीही असो. पण तारखात्याने शुभेच्छांसाठी ठरीव वाक्ये करून त्यांना क्रमांक दिले होते. १ म्हणजे दिवाळीच्या शुभेच्छा, २ म्हणजे ईद मुबारक. आपण क्रमांक सांगायचा, पलीकडे वाक्य उमटायचे, आणि पैसे कमी पडायचे. आकड्यांतून बोलण्याची आम्हाला तशी जुनीच सवय. खताच्या माथ्यावरचा ७८६ हा अक्षरांच्या किमतींची बेरीज करून आलेला आकडाच आहे. पुढे दुबई-कुवेतच्या अरब पोरांनी मोबाइलवर रोमन अक्षरांत अरबी लिहिताना 'ऐन'साठी इंग्रजी तीनचा आणि 'हे'साठी सातचा आकडा वापरायला घेतला, तेव्हा तिकडे राबणाऱ्या आमच्या मंडळींना त्यात फारसे नवल वाटले नसेल. भारतातली तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली.

आखाताचा उल्लेख आलाच आहे. सत्तरच्या दशकात तेलाचा पैसा वाहू लागला आणि कोकणातली तरुण पोरे जहाजांऐवजी विमानात बसू लागली. खत पोहोचायला आठवडे, फोन महाग. मग टेपरेकॉर्डरची कॅसेट आली. सुट्टीवर येणाऱ्याच्या हातून कॅसेट पाठवायची रीत आखाती घरांत रुळली. घरची बोली पहिल्यांदा समुद्र ओलांडून गेली ती अशी, आवाजाच्या रूपाने. कागदावर तेव्हाही नाही.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. तिथल्या भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी परत आणले गेले, सुमारे १,७०,००० माणसे. त्यांत आमच्या कोकणातली घरेच्या घरे होती. माणूस मुंबईच्या विमानतळावर उतरेपर्यंत तो जिवंत आहे की नाही हे गावात कळायला मार्ग नव्हता. गंमत अशी की संगणकावरून संगणकाशी गप्पा मारण्याची सोय तोवर जगात आली होती. फिनलंडच्या औलू शहरातल्या यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ साली 'आयआरसी' ही प्रणाली केली होती आणि जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध पेटल्यावर तिथल्या ताज्या बातम्या लोकांनी या गप्पांतून मिळवल्या. पण ते लोक विद्यापीठांतले. आमच्या गावांत तेव्हा टेलिफोनही पोस्टात किंवा एखाद्या खोताच्या घरी.

आता मेसेजकडे वळू. मोबाइलचा मेसेज १६० अक्षरांचा का, याची हकीकत रंजक आहे आणि तिचा आमच्या भाषेशी थेट संबंध आहे. १९८५ साली जर्मनीतल्या बॉन शहरात फ्रीडहेल्म हिलेब्रांट नावाचे अभियंते टाइपरायटरवर मनाला येतील ती वाक्ये आणि प्रश्न टाइप करून त्यांतली अक्षरे मोजत बसले. बहुतेक वाक्ये १६०च्या आत बसली. पोस्टकार्डावर माणसे किती लिहितात हेही पाहिले गेले. तेही साधारण तेवढेच, किंबहुना कमी. मोबाइलच्या संदेशाला मिळालेली जागा १४० बाइट. इंग्रजीसारख्या लिपीचे एक अक्षर ७ बिटांत मावते, म्हणून १६० अक्षरे. देवनागरी किंवा उर्दूचे अक्षर मात्र १६ बिटे मागते. म्हणजे त्याच जागेत फक्त ७०. आणि मेसेजमध्ये देवनागरीचे एक जरी अक्षर आले तरी सबंध मेसेज ७०च्या हिशेबात जातो. शिवाय आपल्या काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात. 'ईद मुबारक' आपल्याला सहा अक्षरे दिसतात. यंत्र मधल्या मोकळ्या जागेसकट नऊ मोजते.

बॉनच्या टाइपरायटरवर मराठी नव्हते, उर्दूही नव्हती. यात कोणाचा दुष्टावा नाही. मोजमाप करणाऱ्याने आपली भाषा मोजली, एवढेच. पण परिणाम आमच्या खिशावर झाला. ज्या मजकुराला इंग्रजी अक्षरांत एक मेसेज पुरे, त्याला देवनागरीत दोन किंवा तीन लागत आणि पैसेही दोन-तीन मेसेजचे.

पहिला एसएमएस गेला ३ डिसेंबर १९९२ रोजी, इंग्लंडमध्ये. नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या, आणि त्या फोनवरून नव्हे तर संगणकावरून. तेव्हाच्या फोनवर अक्षरे लिहायची सोय नव्हती. भारतात मोबाइल ३१ जुलै १९९५ रोजी सुरू झाला. ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांना फोन केला. दर इतके होते की आलेल्या फोनचेही पैसे पडत. ते थांबले १ मे २००३ पासून. तोवर मोबाइल घेतलेला माणूस फोन उचलायला कचरत असे, आणि आपण मिस्ड कॉलची एक मूक भाषा तयार केली. एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे तू फोन कर. १९९८ साली नोकियाच्या ५११० या फोनमध्ये पहिली भारतीय धून आली, ती इक्बालांच्या तराण्याची. देशातला मोबाइल आमच्याच एका शायराच्या सुरात पहिल्यांदा वाजला, ही नोंद इथे सहज करून ठेवतो.

२००३ नंतर फोन स्वस्त झाले आणि मेसेज घराघरांत शिरला. लिहायचे कोणत्या लिपीत, हा प्रश्नच उरला नव्हता. देवनागरी पाठवली तर समोरच्याच्या फोनवर चौकोनांची रांग उमटे. उर्दूची तीच गत. राहिली रोमन. आणि इथेच ती गोष्ट घडली जिच्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत. उर्दू लिपीत लिहायला बसलेला माणूस आपोआप शुद्ध उर्दूकडे जातो. शीन-काफ दुरुस्त करतो. देवनागरीत लिहिणारा शाळेतल्या गुरुजींच्या धाकाने प्रमाण मराठीकडे जातो. रोमनमध्ये कोणाचाच धाक नाही. तिथे शुद्धलेखन नाही, व्याकरण नाही, 'ही कुठली भाषा' असे विचारणारे कोणी नाही. पत्र वाचून दाखवणारा तिसरा माणूस नाही. बटणाच्या फोनवर 'सी' हवा तर तीन वेळा दाबायचे, 'एस' हवा तर चार वेळा; अशा कष्टाने लिहिणारा माणूस थाटमाट करत नाही, बोलतो तसे लिहितो. आणि लिहिता लिहिता 'कायकू', 'नक्को', 'आताय', 'जाताय' हे शब्द अक्षरांत उतरले. दापोलीची बहीण दोहातल्या भावाला जे बोलली असती तेच तिने लिहिले. तिला आपण आपली बोली लिहून काढतो आहोत याची जाणीवही नव्हती.

रोमनने आमचे नुकसानही केले. एम-ए-एल-ए ही चार अक्षरे वाचा. मला, माला, माळा की मळा? 'ठ' आणि 'थ' एक झाले, 'ण' आणि 'न' एक झाले, 'ळ' तर गेलाच. बाळ आणि बाल यांत फरक राहिला नाही. संदर्भाने वाचायचे आणि चुकले तर हसायचे. तरीही या लिखाणाला कमअस्सल म्हणून झटकणारी जी मंडळी आमच्यात आहेत, त्यांच्याशी आमचे जमत नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसे आणि उर्दू लिपीत जेर-जबर गाळूनच लिहिण्याचा प्रघात आहे. त्यांना आपण दफ्तर म्हणतो, वारसा म्हणतो. मग चार अक्षरांत मळा ओळखायला लागला तर बिघडले कुठे?

ईदच्या दिवशी मेसेजचा पूर लोटे. कंपन्यांनी विकलेली स्वस्त मेसेजची पाकिटे सणावारी चालत नसत. दिवाळी, ईद, नवे वर्ष या दिवशी पूर्ण दर. परदेशी मेसेजला साधारण पाच रुपये. म्हणून चाँदरातीला बारा वाजायच्या आत मुबारकबादी पाठवून टाकायची धावपळ उडे.

संगणकावरची गप्पाटप्पा याच काळातली, पण तिची गोष्ट लवकर संपते. १९९८ साली याहूचा मेसेंजर आला, १९९९ साली मायक्रोसॉफ्टचा. सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून आमच्या पोरांनी त्यावर जगभर दोस्त केले. मात्र घरातल्या बायका आणि बुजुर्ग तिथे पोहोचले नाहीत. त्याला संगणक लागे, इंग्रजी लागे, एक टोपणनाव आणि एक सांकेतिक शब्द लक्षात ठेवावा लागे. शिवाय कॅफेत आमच्या मुलींनी बसावे असे वातावरण क्वचितच असे. याहू मेसेंजर जुलै २०१८ मध्ये बंद झाला आणि त्यावरच्या बोलण्यातले आमच्या हाती काही उरले नाही.

व्हॉट्सॲपने हा अडसर काढला. फेब्रुवारी २००९ मध्ये कॅलिफोर्नियात यान कोम यांनी ही कंपनी नोंदवली, त्यांना ब्रायन ॲक्टन यांची साथ मिळाली. कोम मूळचे युक्रेनचे. १९९२ साली, सोळाव्या वर्षी आईबरोबर अमेरिकेत आले. वडील मागेच राहिले. सोव्हिएत काळात फोनवर कोणी ऐकत असेल या धास्तीने माणसे मोजके बोलत, हे त्यांनी पाहिलेले. परदेशातून घरी बोलणे किती महाग असते हेही भोगलेले. म्हणजे आखातातल्या आमच्या माणसाच्या ज्या दोन अडचणी, त्याच त्यांच्या. त्यांनी केलेली साधी पण मोठी गोष्ट अशी की माणसाचा फोन नंबर हेच त्याचे नाव ठरवले. टोपणनाव नाही, सांकेतिक शब्द नाही. फोनमध्ये नंबर आहे ना, मग बोला. आयफोनपुरते न थांबता २०१० पासून ते नोकियाच्या फोनवरही आले, आणि नोकिया तर आमच्या प्रत्येक घरात होता. देशांतरीच्या मेसेजचे पाच रुपये वाचले. १६० अक्षरांची मर्यादाही गेली. बॉनचा टाइपरायटर अखेर आमच्या डोक्यावरून उतरला. कंपनी २०१४ साली फेसबुकने विकत घेतली, व्यवहार १९ अब्ज डॉलरचा म्हणून गाजला.

जानेवारी २०१५ मध्ये हाच मेसेज संगणकावर उघडता येऊ लागला. पडद्यावरचा चौकोनी ठिपक्यांचा शिक्का फोनला दाखवायचा की झाले. सुरुवातीला फोन बंद पडला की संगणकावरचेही थांबे. २०२१ नंतर ती अट सुटली. दुकानदार, लग्नपत्रिका छापणारे, डीटीपी करणारे यांचा धंदाच या पडद्यावर आला. वार्षिकांचे, विशेषांकांचे लेख आता फोनवर लिहून मेसेजने येतात. ते युनिकोडमध्ये असतात. छपाईच्या जुन्या फाँटमध्ये नेताना 'दुसऱ्या'तला 'ऱ्या' आणि जोडाक्षरे फुटतात, आणि मुद्रितशोधकाच्या नावाने बोटे मोडली जातात. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण मराठीची गरज तिथे उशिरा पोहोचली. 'ॲप' या शब्दातला 'ॲ' हे एक स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये दाखल झाले ते २००८ साली. तोवर ॲपला स्वतःचे नाव मराठीत नीट लिहिता येत नव्हते म्हणायचे.

२०१३-१४ नंतर स्मार्टफोनवर देवनागरी लिहिणे सोपे झाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने आदेश काढला की इथे विकल्या जाणाऱ्या फोनवर सर्व मान्य भारतीय भाषा वाचता आल्या पाहिजेत. लिपी आली याचा आनंद आम्हालाही आहे. आता एकाच कुटुंबाच्या गटात मुलगा रोमन लिहितो, मराठी शाळेत शिकलेली सून देवनागरी लिहिते, चाचा उर्दू लिपीत दुआ पाठवतात आणि कोणाचे काही अडत नाही. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू असावी की नसावी, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १५ एप्रिल २०२५ रोजी उर्दूच्या बाजूने सुटला. पाटीवर जे टिकवायला न्यायालय लागले ते आमच्या घरच्या गटांत विनातक्रार चालू होते. मात्र देवनागरीबरोबर गुरुजींचा धाकही परत आला. कळफलक स्वतःच पुढचा शब्द सुचवतो आणि तो शब्द प्रमाण मराठीतला असतो. 'नक्को' लिहायला घ्यावे तर तो 'नको' पुढे करतो.

दुसरा बदल आवाजाचा. ऑगस्ट २०१३ मध्ये आवाजी मेसेजची सोय नीट आली. दादीमाला कोणाच्याही मदतीशिवाय पहिल्यांदा 'पत्र' पाठवता आले ते तेव्हा. अमिरातीत व्हॉट्सॲपवरून लिहिलेले आणि बोललेले मेसेज जात, पण त्यावरचे कॉल वर्षानुवर्षे बंद राहिले. तिथल्या माणसांना हे आवाजाचे तुकडे फारच उपयोगी पडले. कॅसेटचा जमाना पुन्हा आला, फक्त पाहुण्याच्या हातून कॅसेट पाठवायची गरज उरली नाही. यात वाईट काही नाही. पण बोली पुन्हा तोंडात गेली आणि बोटांतून सुटली. जी पंधरा वर्षे आम्ही सुरुवातीला सांगितली ती या दोन टोकांच्या मधली.

मग तेव्हा लिहिलेले गेले कुठे? बरेचसे जागेअभावी गेले. जुन्या सिमकार्डावर दहा-वीस मेसेज मावत. नवा यायचा तर जुना खोडावा लागे. आईचा कोणता मेसेज ठेवायचा आणि कोणता पुसायचा हा निर्णय रोज घ्यावा लागे. पुढे फोन बदलताना गेले. नोकियाच्या एस-४० फोनवरचे व्हॉट्सॲप ३१ डिसेंबर २०१८ नंतर बंद झाले आणि त्यातल्या गप्पा नव्या फोनवर नेण्याची सोय नव्हती. पडून राहिलेले ते फोन भंगारवाल्याने किलोवर नेले.

आणि काही आम्ही स्वतः पुसले. त्याचे कारण भीती, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. अयोध्येच्या निकालाआधी सप्टेंबर २०१० मध्ये सरकारने घाऊक मेसेज बंद केले. ऑगस्ट २०१२ मध्ये ईशान्येकडच्या लोकांबद्दल अफवा पसरून बंगळूर-पुण्याहून माणसे पळाली, तेव्हा एका वेळी पाचपेक्षा जास्त मेसेज पाठवायला पंधरा दिवसांची बंदी आली. जून २०१४ मध्ये शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे फेसबुक-व्हॉट्सॲपवरून फिरली आणि हडपसरला सोलापूरचा एक तरुण, आयटीत नोकरी करणारा, त्या चित्रांशी काही संबंध नसताना नमाजाहून परतताना मारला गेला. टोपी आणि दाढी एवढाच पुरावा. खटल्यातले आरोपी २०२३ साली निर्दोष सुटले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला मुले पळवणारी टोळी आल्याच्या मेसेजवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच गरीब भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. तिथे मरणारे मुसलमान नव्हते. अफवेला जात लागत नाही, दुबळा माणूस लागतो. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०२० च्या वसंतात साथीचे खापर तबलिगी जमातीवर फोडणारे व्हिडिओ गटागटांत फिरले. परदेशी जमातींवरचे गुन्हे औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्टमध्ये रद्द करताना त्यांना बळीचा बकरा केल्याचे नोंदवले, पण ते मेसेज ज्यांनी वाचले त्यांतल्या किती जणांनी हा निकाल वाचला?

गटातल्या एकाने काही पाठवले तर गट चालवणाऱ्याला पोलीस ठाण्यात बसवतात, ही धास्ती वस्त्यावस्त्यांत होती. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, समान हेतू असल्याचे दिसत नसेल तर दुसऱ्याच्या मेसेजसाठी गटचालक जबाबदार नाही, असे सांगितले. तोवर मुलांच्या फोनवरच्या गप्पा दर शुक्रवारी साफ करायची सवय कित्येक बापांना लागली होती. ५ एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपचे मेसेज दोन टोकांच्या मधे कोणाला वाचता येत नाहीत. पण हाती धरलेला फोन उघडून दाखव म्हटल्यावर त्या कुलपाचा काय उपयोग? म्हणून पुसायचे. त्या साफसफाईत राजकारणाबरोबर दादीमाच्या दुआ, दोहाहून आलेले 'खाना खाया क्या', बहिणीच्या निकाहाच्या आदल्या रात्रीचे दोनशे मेसेज, सगळे गेले. मोहल्ल्यातल्या मरणाच्या बातम्याही गेल्या. २०२०-२१ मध्ये जनाज्याची वेळ आणि कब्रस्तानचे नाव या गटांतूनच कळत होते. त्या दोन वर्षांचे आमचे मृत्यूचे दफ्तर तिथेच होते.

आजोबांच्या खताला कसर लागली तरी अर्धे उरते. पत्र्याच्या ट्रंकेत सापडलेल्या खतांवरून आपल्याकडे लेख लिहिले गेले आहेत, आणि चांगले लिहिले गेले आहेत. २००६ सालच्या मेसेजवरून लेख लिहायला कोणाकडे काही आहे का, म्हणून आम्ही ओळखीच्या घरांत विचारले. एका-दोन ठिकाणी वहीत उतरवलेले मेसेज मिळाले. मुलींनी शायरीबरोबर भावांचे निरोपही वहीत लिहून ठेवले होते, रोमनमध्ये जसेच्या तसे, तारखेसह. इन्बॉक्स भरला म्हणून पुसण्याआधी उतरवून घेतले, इतके साधे कारण.

आताच्या ॲपमध्ये एका गप्पेचा सगळा मजकूर साध्या फाइलच्या रूपात बाहेर काढता येतो. तिच्यात प्रत्येक ओळीला तारीख, वेळ, पाठवणाऱ्याचे नाव आणि पुढे मेसेज असतो. चित्रे आणि आवाज वगळले तर ती अगदी लहान होते. घरातल्या माणसांची परवानगी घेऊन, नंबर खोडून, अशा चार-दोन फाइली आम्ही संगणकावर उघडून पाहिल्या आहेत. एकाच माणसाने एकाच आठवड्यात 'नक्को' हा शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला दिसतो, एकदा एका 'के'ने, एकदा दोन 'के'ने, आणि एकदा देवनागरीत, कळफलकाने दुरुस्त केलेला 'नको', ज्याच्या पुढच्याच ओळीत त्याने परत 'नक्को' लिहून पाठवले आहे.